उसाच्या प्लॉटचा जीपीएस नकाशा आणि त्यावरून गाड्यांचं नियोजन: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

हल्ली बऱ्याच कारखान्यांच्या शेती विभागात आणि शेतकरी कंपन्यांमध्ये मोबाईलवर प्लॉट मोजले जातात, ऑफिसात मोठा रंगीत नकाशा लागतो, आणि हंगाम सुरू झाला की गाडी मात्र मुकादमाच्या फोनवरच फिरते. नकाशा कुणी उघडतच नाही. बहुतेक ठिकाणी कारण एकच दिसतं, कामाचा क्रम चुकलेला असतो. प्लॉटची हद्द घेतली पण गाडी कुठं लागणार ते घेतलंच नाही, अंतर काढलं पण हवाई काढलं, रूट लावला पण त्या उसाची तोड आत्ता होणारच नव्हती. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या एफआरपीतून (सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून) कापला जातो, म्हणून हे काम नीट व्हायला पाहिजे.

हा लेख गट ऑफिसला काम करणाऱ्या, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर थोडंफार उघडून बघितलेल्या माणसासाठी आहे. क्यूजीआयएस फुकट आहे, त्याच्या जोडीनं चालणारं मोबाईल ॲप क्यूफील्ड तेही फुकट आहे. सगळं ह्या दोनवर होतं, महागडं काही लागत नाही.

१. मोबाईल हातात घ्यायच्या आधी

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात आणि त्या कळतात चार महिन्यांनी. म्हणून आधी ऑफिसात बसून तीन गोष्टी ठरवा.

पहिली, प्लॉटचा नंबर. गट नंबर हाच प्लॉट नंबर म्हणून वापरू नका. एका गटात चार भावांचा ऊस असतो, एकाच भावाचे दोन तुकडे असतात, एक आडसाली (पावसाळ्यात लावलेला, दीडेक वर्षाचा) आणि एक खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून परत फुटलेला). गावाचा कोड, मग गट नंबर, मग त्या गटातला तुकडा असा एक सलग नंबर बनवा आणि तो एकदा दिला की हंगाम संपेपर्यंत बदलायचा नाही. गट नंबर वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवा. एक्सेलमध्ये १२/१ टाकलं की ते त्याची तारीख करून टाकतं, जानेवारी महिना दिसायला लागतो, आणि एकदा सेव्ह झालं की मूळ गट नंबर शोधायला सातबारा परत काढावा लागतो. हे टाळायचं असेल तर आकडे टाकायच्या आधीच कॉलम टेक्स्ट करून घ्या, नंतर करून उपयोग नाही.

दुसरी, फॉर्म. क्यूफील्डमध्ये जात, लागणीचा प्रकार, पाण्याची सोय हे सगळं यादीतून निवडायला द्या, टाईप करायला देऊ नका. नाहीतर एक जण ८६०३२ लिहितो, दुसरा नीरा लिहितो, तिसरा को-८६०३२ लिहितो, आणि तुम्ही फिल्टर लावला की एकाच जातीचे तीन ढीग दिसतात. लागणीची तारीख मात्र कॅलेंडरमधून घ्या आणि ती सक्तीची करा, पुढचा सगळा तोडणी क्रम तिच्यावर उभा आहे.

तिसरी, नकाशाची मोजपट्टी म्हणजे प्रोजेक्शन. मोबाईल जीपीएस अक्षांश-रेखांशात म्हणजे ईपीएसजी ४३२६ ह्या कोडच्या प्रोजेक्शनमध्ये देतो, ते अंशात असतं. क्षेत्र आणि अंतर मीटरमध्ये काढायचं तर यूटीएम हे मीटरमधलं प्रोजेक्शन लागतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नगर, मराठवाडा हा जवळजवळ सगळा पट्टा ४३ नंबरच्या झोनमध्ये येतो, कोड ३२६४३. रेखांश ७८ च्या पूर्वेला गेलात, म्हणजे वर्धा-नागपूर-भंडारा बाजूला, तर झोन ४४, कोड ३२६४४.

सावधान: फाईल शेपफाईलमध्ये ठेवू नका, जिओपॅकेज घ्या. शेपफाईल ही एक फाईल नसते, तिचे चार-पाच तुकडे असतात आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना एखादा हमखास राहतो. शिवाय कॉलमचं नाव दहा अक्षरांत कापलं जातं आणि मराठी नावांचे चौकोन होतात ते वेगळंच.

२. फडावर हद्द चालताना

प्लॉट मोजायची योग्य वेळ म्हणजे लागण नोंदवताना, ऊस गुडघ्याएवढा असताना. ऊस डोक्याच्या वर गेला की कडेने चालताना अर्धं आकाश झाकलं जातं, जीपीएसला सॅटेलाइट कमी दिसतात आणि रेघ वाकडीतिकडी पडते. हंगामाच्या तोंडावर घाईघाईत मोजलेल्या प्लॉटांमध्ये ही अडचण सर्रास दिसते.

मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक साधारण ३ ते ५ मीटर असते. हे कमी वाटतं, पण छोट्या प्लॉटला ते फार पडतं. २० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा धरा, बाजू साधारण ४५ मीटर. चारही बाजूंनी फक्त २ मीटर बाहेरून चाललात तर बाजू ४९ होते आणि क्षेत्र २०२५ चौरस मीटरचं २४०१ होतं, म्हणजे पावणेचार गुंठे जास्त! त्या हिशोबाने टनेज जास्त धरलं जातं, गाड्या जास्त लावल्या जातात आणि शेवटी फड लवकर संपून तोडणीची टोळी रिकामी बसते.

म्हणून असं करा. फोनचं लोकेशन हाय ॲक्युरसीवर, बॅटरी सेव्हर बंद. ॲप उघडल्याबरोबर चालायला सुरुवात करू नका, एक-दोन मिनिटं उभं राहा, ॲक्युरसीचा आकडा ५ मीटरच्या खाली आला की मग सुरू करा. क्यूफील्डमध्ये ॲक्युरसीची मर्यादा लावता येते, खराब असेल तर ते पॉइंट घेतच नाही, ती चालू ठेवा. सलग चालत रेघ ओढण्यापेक्षा प्रत्येक कोपऱ्यावर थांबून पॉइंट घेणं जास्त चांगलं, तिथं सरासरी घेण्याची सोयही आहे. बांधाच्या मधून नाही, उसाच्या शेवटच्या सरीवरून चाला, कारण आपल्याला जमीन मोजायची नाहीये, ऊस मोजायचा आहे. प्लॉटमध्ये विहीर, खळं, घर असेल तर ते वजा झालं पाहिजे.

सावधान: ही मोजणी म्हणजे जमिनीची मोजणी नव्हे. शेतकऱ्याला हे स्पष्ट सांगा आणि हद्दीच्या वादात हा नकाशा कुणाच्या हातात देऊ नका. हद्दीची मोजणी भूमी अभिलेखवाल्यांचीच. महाभूनकाशावरचा गटाचा नकाशाही कुठला गट कुठं आहे हे ओळखायला घ्या, त्याच्या रेघांवरून क्षेत्र काढू नका.

३. गाडी लागायची जागा

आख्ख्या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा. प्लॉटची हद्द घेतली की दुसऱ्या लेयरमध्ये (नकाशाच्या वेगळ्या थरात) एक पॉइंट घ्यायचा, ट्रॅक्टर-ट्रॉली जिथं उभी राहून ऊस भरला जातो ती जागा. सॉफ्टवेअर स्वतःहून प्लॉटचा मध्यबिंदू धरतं आणि तिथून जवळचा रस्ता शोधतं. तो जवळचा रस्ता ओढ्याच्या पलीकडे असू शकतो, दुसऱ्याच्या द्राक्षबागेतून जाऊ शकतो, कॅनॉलच्या त्या बाजूला असू शकतो, जिथं पूल तीन किलोमीटर लांब आहे. मध्यबिंदूवरून लावलेला रूट कागदावर सुंदर दिसतो आणि ड्रायव्हर बांधावर उभा राहून फोन करतो.

हा पॉइंट घेताना शेतकऱ्याला किंवा जुन्या ड्रायव्हरला बरोबर घ्या, कारण रस्ता आहे आणि गाडी जाते ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉइंटच्या फॉर्ममध्ये एवढं नक्की घ्या: दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येतो का, एकच ट्रॉली येते, की फक्त बैलगाडी, फडातून डोक्यावर मोळी किती लांब आणावी लागते, वाटेत खाली आलेली विजेची तार आहे का, काळ्या रानातला रस्ता असेल तर पाऊस पडल्यावर किती दिवस बंद राहतो, वाट दुसऱ्याच्या शेतातून असेल तर त्याचा ऊस आधी तुटल्याशिवाय ही वाट उघडते का. शेवटचा मुद्दा कुणी लिहीत नाही आणि हंगामात सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात. एका वाटेवर मागे-पुढे असलेले प्लॉट असतील तर ‘याच्या आधी कोणता प्लॉट’ असा एक कॉलमच ठेवा.

मुख्य रस्त्यापासून भरायच्या जागेपर्यंतची आतली वाट गाडीवर बसून ट्रॅक करून घ्या. पाणंद, शिवरस्ता, कॅनॉलची पट्टी, जे असेल ते. पुढे लागणार आहे.

४. त्याच संध्याकाळी तपासणी

आठवड्याभराचा डेटा साठवून तपासायचा नाही, माणूस विसरतो. रोज संध्याकाळी क्यूजीआयएसमध्ये घेऊन हे बघा:

- सगळे प्लॉट आपापल्या गावात पडतात का. कुणी हाताने आकडे टाकले असतील तर अक्षांश-रेखांश उलटे होतात. गूगल मॅप अक्षांश आधी देतो, क्यूजीआयएसला एक्स म्हणजे रेखांश आधी लागतो. आपल्याकडे अक्षांश १५ ते २२ च्या आसपास आणि रेखांश ७२ ते ८१ च्या आत असतो, उलटं झालं की प्लॉट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडतो. ते एक बरं, लगेच दिसतं.
- चेक व्हॅलिडिटी चालवा. चालताना रेघ स्वतःलाच कापून गेली असेल तर क्षेत्र चुकीचं येतं.
- दोन प्लॉट एकमेकांवर चढलेत का. मीटर-दोन मीटर चढले तर सोडून द्या, ती जीपीएसची चूक. अर्धा प्लॉट चढला तर तोच ऊस दोन नावांवर नोंदवलाय, दुसऱ्या दिवशीच गावात जाऊन विचारा.
- क्षेत्र सातबाऱ्याच्या आणि शेतकऱ्याने सांगितलेल्या आकड्याजवळ आहे का.

क्षेत्राबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं गोंधळ फार होतो. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलर एरिया ($area) हे फंक्शन वापरलं तर ते प्रोजेक्टमध्ये लावलेल्या एलिप्सॉइड (पृथ्वीच्या गोलाईचं गणित) आणि युनिटप्रमाणे क्षेत्र देतं. नुसतं जिओमेट्रीचं एरिया वापरलं आणि लेयर ४३२६ मध्ये असेल तर उत्तर चौरस अंशात येतं, शून्य पूर्णांक शून्य शून्य असलं काहीतरी. क्षेत्र कायम चौरस मीटरमध्ये साठवा आणि दाखवताना भागा: गुंठ्याला १०१.१७, एकराला ४०४७, आरला १००. आपल्याकडे ‘दीड एकर’ला लोक १.२० लिहितात, म्हणजे १ एकर २० गुंठे. सॉफ्टवेअर त्याला १.२ एकर समजतं, म्हणजे १ एकर ८ गुंठे. बारा गुंठे गेले! फॉर्ममध्ये एकर आणि गुंठे असे दोन वेगळे रकाने द्या, विषय संपला.

५. सॅटेलाइट फोटो: कशाला वापरायचा, कशाला नाही

युरोपच्या सेंटिनेल-२ सॅटेलाइटचे फोटो कोपर्निकस ब्राउझर ह्या वेबसाईटवर फुकट मिळतात, साधारण दर ५ दिवसांनी, एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा. त्यावरून एनडीव्हीआय म्हणजे हिरवेपणाचा आकडा निघतो, बँड ८ वजा बँड ४ भागिले दोन्हींची बेरीज. लोकांना वाटतं यावरून ऊस पक्व झाला की नाही कळतं. नाही कळत. दाट उसाचा एनडीव्हीआय वर जाऊन एका जागी थांबतो आणि साखर किती भरली हे त्यात दिसत नाही. पक्वतेसाठी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात जाऊन ब्रिक्स (रसातल्या गोडीचा आकडा) बघायला पर्याय नाही.

उपयोग दोन ठिकाणी चांगला होतो. कुठला प्लॉट तुटला हे बघायला, कारण तोडणीनंतर नुसतं पाचट राहतं आणि आकडा एकदम खाली येतो. आणि एकाच प्लॉटमध्ये कुठला कोपरा मागे पडलाय हे बघायला.

प्लॉटच्या कडेच्या ठिपक्यात शेजारचं सोयाबीन किंवा रस्ता मिसळलेला असतो, म्हणून हद्द आतल्या बाजूला १० मीटर ओढून मग सरासरी काढा. एकराच्या चौकोनी प्लॉटमध्ये त्यानंतर १९ च्या आसपास ठिपके उरतात, २० गुंठ्यांत ६. दहा गुंठ्यांच्या पट्ट्यांसाठी ह्या फोटोच्या नादी लागू नका. आणि पावसाळ्यातले फोटो बहुतेक ढगांचेच असतात, ढग आणि ढगाची सावली दोन्ही वगळल्याशिवाय आकडा धरू नका.

६. रस्त्यांचा लेयर

क्यूजीआयएसच्या क्विकओएसएम प्लगइनने ओपनस्ट्रीटमॅप ह्या फुकट, खुल्या नकाशावरचे रस्ते उतरवून घ्या आणि ३२६४३ मध्ये सेव्ह करा. मोठे रस्ते ठीक असतात, शेतातले बरेच नसतात. म्हणून तिसऱ्या पायरीत ट्रॅक केलेल्या वाटा ह्याच लेयरमध्ये जोडायच्या. इथं एक तांत्रिक गोष्ट आहे जी समजली नाही तर दिवस वाया जातो. क्यूजीआयएसला दोन रेघा एकमेकींना भिडलेल्या नुसत्या दिसून चालत नाहीत, भिडतात तिथं दोन्ही रेघांवर कोपऱ्याचा ठिपका म्हणजे व्हर्टेक्स असला पाहिजे. नसला तर त्याच्या दृष्टीने तिथून वळताच येत नाही. स्नॅपिंग चालू करा, टोपोलॉजिकल एडिटिंगही चालू करा, मग वाट जोडली की मुख्य रस्त्यावर आपोआप व्हर्टेक्स पडतो.

मग गाडीच्या नजरेने रस्ते तपासा. नदीकाठच्या भागात केटी म्हणजे कोल्हापुरी बंधाऱ्यावरून जाणारा रस्ता नकाशात साध्या रस्त्यासारखा दिसतो, भरलेल्या दोन ट्रॉल्या तिथून नेता येतात का ते जागेवर जाऊन ठरवा. कमी उंचीचे रेल्वे बोगदे, गावातली अरुंद वेस, बाजाराच्या दिवशी बंद असणारा रस्ता, मोठा चढ. प्रत्येक रस्त्याला दोन कॉलम: भरलेली गाडी जाते का, आणि भरलेल्या गाडीचा वेग किती. वेग अंदाजाने भरू नका, दोन-तीन ड्रायव्हरांच्या फोनवर ट्रॅक चालू ठेवून काढा.

तपासणी: कारखान्याच्या गेटपासून पाच ओळखीच्या गावांपर्यंत रूट काढा आणि जुन्या ड्रायव्हरला दाखवा. तो ज्या रस्त्याने जातो तो आला नाही तर लेयर अजून तयार नाही.

७. अंतर काढणे

हवाई अंतर कारखान्याच्या परवान्याच्या भाषेत ठीक आहे, गाडी हवेतून जात नाही. नदीच्या पलीकडचं गाव हवाई ४ किलोमीटरवर दिसतं आणि पुलावरून फिरून जाताना १५ होतात. प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये ‘शॉर्टेस्ट पाथ, लेयर टू पॉइंट’ घ्या, सुरुवातीला गाडी लागायच्या जागांचा लेयर, शेवटी कारखान्याचं गेट, वेगाचा कॉलम जोडून फास्टेस्ट निवडा म्हणजे उत्तर तासात येतं. भरलेली गाडी जात नाही ते रस्ते आधी फिल्टर करून काढून टाका. ओआरएस टूल्स प्लगइननेही होतं, त्याला वेबसाईटवरून फुकट ‘एपीआय की’ (एक कोड) घ्यावी लागते, पण त्याचं ट्रकचं गणित आपल्या ट्रॅक्टरला लागू पडत नाही, म्हणून तिथून फक्त किलोमीटर घ्या, वेळ घेऊ नका.

ज्या प्लॉटांना रूटच आला नाही त्यांची यादी काढा. बहुतेक वेळा वाट जोडायची राहिलेली असते. ही यादी रिकामी झाल्याशिवाय पुढं जायचं नाही.

८. आधी तोडणीचा क्रम, मग रूट

इथं संगणकवाली माणसं चुकतात. जवळजवळचे प्लॉट एकत्र केले, सुंदर रूट लागला, आणि त्यात दहा महिन्यांचा ‘सुरू’ (हिवाळ्याच्या शेवटी लावलेला) ऊस आधी आणि सतरा महिन्यांचा आडसाली मागे! शेतकरी हे कधीच मान्य करणार नाही आणि त्याचं बरोबरच आहे, त्याच्या उसाला तुरा येतोय, वजन घटतंय.

म्हणून लागणीची तारीख, जात आणि ब्रिक्स बघून आधी त्या आठवड्यात तुटायला पात्र प्लॉटांची यादी करा. को सी ६७१ सारखी लवकर येणारी जात आणि ८६०३२ एकाच वयाच्या असल्या तरी एका मापात धरू नका. ह्या यादीच्या आत मग रस्त्याप्रमाणे गट पाडा, एका टोळीला एका वाटेवरचे फड सलग द्या, ‘याच्या आधी कोणता’ हा कॉलम इथं वापरा. यादी गट ऑफिसच्या बाहेर लावा, क्रम का आला ते तारखेसकट.

९. गाड्या किती

समजा रोजचं गाळप २५०० टन आणि एका खेपेला सरासरी १५ टन, तर रोज १६७ खेपा लागतात. एका गाडीची पूर्ण फेरी १२ तासांची असेल तर तिच्या दिवसात दोन खेपा, म्हणजे ८४ गाड्या. फेरी ८ तासांवर आली तर तीन खेपा आणि ५६ गाड्या. खेपेचं वजन आणि फेरीचा वेळ मात्र तुमच्या काट्याच्या पावत्यांवरून घ्या, दुसऱ्या कारखान्याचा आकडा चालणार नाही.

फेरीचे तुकडे पाडा: रिकामं जाणं, भरणं, भरून येणं, यार्डात नंबर लागेपर्यंत थांबणं, गव्हाणीवर (ऊस कारखान्यात नेणाऱ्या पट्ट्यावर) खाली करणं. बऱ्याचदा रस्त्यापेक्षा भरण्यात आणि यार्डात जास्त तास जातात, आणि तसं असेल तर रूट कितीही चांगला लावा, फरक पडणार नाही. तिथं लांबच्या गावांच्या आणि जवळच्या गावांच्या गाड्या वेगवेगळ्या वेळी पोचतील असं तोडणीचं वाटप करा. तुटलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला पाहिजे, नाहीतर वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही जातात, त्यामुळे यार्डात थांबलेल्या गाडीचा तोडणीचा वेळ चिठ्ठीवर असलाच पाहिजे, नुसता गेटवर आल्याचा नाही.

१०. हंगाम चालू असताना

प्लॉट तुटला की त्याच दिवशी स्टेटस बदला, एकाच माणसाने बदला. मूळ फाईल एकाच कॉम्प्युटरवर, रोजची कॉपी तारखेच्या नावाने. शेतकऱ्यांची नावं-मोबाईल असलेली फाईल ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकू नका, ड्रायव्हरला फक्त प्लॉट नंबर आणि गाडी लागायच्या जागेचं लोकेशन पाठवा. पाऊस झाला तर रस्त्यांच्या लेयरमध्ये काळ्या रानातल्या वाटा बंद करून पात्र यादीवर रूट परत चालवा, मुरमाड वाटांवरचे फड पुढे घ्या, आणि पुढे-मागे झालेल्या शेतकऱ्यांना टोळी फडावर पोचायच्या आधी फोन करा.